हॅकरला पैसे द्यायचे का?

आमच्या कारखान्यात सोमवारपासून सगळ्या फायली लॉक, स्क्रीनवर फक्त बिटकॉइनची मागणी, मालक म्हणतात देऊन टाकू आणि मोकळे होऊ. काय करावं?

> देऊ नका हो! २०२१ ला अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीने ७५ बिटकॉइन मोजले, फायली उघडायची चावी मिळाली पण इतकी स्लो की स्वतःचे बॅकअपच वापरावे लागले.

> बोलणं सोपंय, पगार अडकले की कळतं.

> पटतंय, तरी नकोच. २०१९ ला नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने छदामही दिला नाही, कामगारांनी कागदावर ऑर्डरी बघून काम चालवलं, नुकसान कोट्यवधींचं झालं पण झुकले नाहीत. तुम्ही आधी नेटवर्कच्या वायरी काढा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बॅकअपची डिस्क एवढ्यात जोडू नका, तीही लॉक होईल.

> डिस्क कपाटात आहे, मार्चपर्यंतची. आत्ताच मालकांना दाखवते.