मदत हवी आहे: हॉपफिल्ड नेटवर्क प्रत्येक अक्षराला एकच भूत दाखवतंय

विक्रोळी_स्लो: पायथॉनमध्ये हॉपफिल्ड नेटवर्क (नमुने साठवून खराब नमुन्यावरून मूळ आठवणारं न्यूरॉनचं जाळं) केलंय, पण अक्षरं लक्षातच राहत नाहीत. कुठलंही खराब केलेलं अक्षर द्या, बाहेर तेच भूत येतं. धड म नाही, धड भ नाही. शुक्रवारी डेमो आहे, लवकर सांगा.

सानपाड्याचे_आजोबा: न्यूरॉन किती? अक्षरं किती? पिक्सेल ०-१ की उणे एक-अधिक एक? हे न सांगता उत्तर काय ज्योतिषाने द्यायचं?

विक्रोळी_स्लो: न्यूरॉन १०० (पिक्सेलला एक), अक्षरं १०, उणे एक-अधिक एक. न्यूरॉनमागे ०.१३८ नमुने बसतात, मग ०.१३८ गुणिले १०० म्हणजे १३ तरी बसायला हवीत ना?

लोकल_तज्ज्ञ: १९८२चं मॉडेल कशाला उगाळतोस? पायटॉर्च लायब्ररीत ऑटोएन्कोडर (नमुना दाबून पुन्हा उभा करायला शिकणारं नेटवर्क) लाव, विषय संपला.

ठाणेकरीण: त्याच कामासाठी हॉपफिल्डना २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हिंटनसोबत. विक्रोळी_स्लोला स्मृती कशी साठते ते दाखवायचंय, नुसती अक्षरं ओळखायची नाहीत.

कोकणकन्या_५२: माझ्या मुलीला दहावीला ब्राह्मी दिली होती. स्मरणासाठी छान म्हणतात. दुधातून घ्यायची.

सानपाड्याचे_आजोबा: ते १३ नमुने रॅन्डम असतील तर. अक्षरं देवनागरी आहेत का?

विक्रोळी_स्लो: अर्थात देवनागरी. त्याचं काय?

सानपाड्याचे_आजोबा: अरे, मग तिथेच घोडं पेंड खातंय! वरची ओळ शिरोरेषा, भ मध्ये थोडी तुटते तेवढं सोडलं तर सगळ्या अक्षरांत काळी. म, भ, ग, न सगळ्यांना उजवीकडे उभा दंड. हेबच्या नियमाने (एकदम पेटणाऱ्या न्यूरॉनमधला दुवा घट्ट होतो) या सामाईक पिक्सेलमधले दुवे दरवेळी घट्ट होत गेले, फरक दाखवणारे चार-दोन पिक्सेल त्यात बुडाले. शिरोरेषा उडव. पिक्सेलवार सरासरी वजा कर, थ्रेशोल्ड (न्यूरॉन पेटायची मर्यादा) त्याप्रमाणे बदल. नाहीच भागलं तर स्यूडोइन्व्हर्स, म्हणजे सगळ्या नमुन्यांचा एकदम हिशोब मांडून दुवे ठरवायची पद्धत.

ठाणेकरीण: स्यूडोइन्व्हर्स मेंदू करतो का हो? सिनॅप्सला (दोन न्यूरॉनमधल्या जोडाला) आपल्या दोन टोकांपलीकडचं काही कळत नाही, सगळ्या नमुन्यांचा हिशोब ते एकदम कुठून मांडणार? हिपोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीचा भाग) डेंटेट जायरस हा भाग आधी सारख्या वाटणाऱ्या गोष्टी वेगळ्या करतो आणि मग सीए३ हा शेजारचा भाग साठवतो, असं मानतात. तिथे एका वेळी मोजकेच न्यूरॉन पेटतात. दाखवायचं तर ते दाखव.

सानपाड्याचे_आजोबा: ताई, डेमो शुक्रवारी आहे. मेंदू सोमवारी बघू.

लोकल_तज्ज्ञ: ऑटोएन्कोडर एव्हाना झाला असता.

बोरिवली_फास्ट: डेमो पवईला का? मग संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षा करू नकोस.

विक्रोळी_स्लो: शिरोरेषा काढली, सरासरी वजा केली. क आणि ल स्वच्छ येतात. म-भ अजून चिकटलेलेच. स्यूडोइन्व्हर्समध्येही कर्ण (न्यूरॉनचा स्वतःशीच असलेला दुवा) शून्य करायचा का?

सानपाड्याचे_आजोबा: हो. नाहीतर प्रत्येक पिक्सेल स्वतःचंच ऐकतो आणि खराब अक्षर होतं तसंच अडकून बसतं. अपडेटही एकेक न्यूरॉनचं कर, सगळ्यांचं एकदम नको.

विक्रोळी_स्लो: बरं. तेवढं करून बघतो, नाहीतर भ काढून टाकतो. नऊ अक्षरं पुरेत.