उजनी ऑगस्टअखेरपर्यंत थोडी रिकामी ठेवावी का?

धागाकर्ता (पंढरपूर): सिंचन, पूरनियंत्रण आणि वीज अशी तीन कामे एकाच धरणाला सांगितली जातात, परंतु सिंचनाला भरलेले धरण हवे असते आणि पुराला रिकामे. भीमेवरील उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातील उपयुक्त, म्हणजे तळाच्या मृत साठ्यावरचा साठा जेमतेम ५३.५ टीएमसी आहे. धरण जुलै-ऑगस्टमध्येच काठोकाठ भरले, की पुण्याकडून येणारा प्रत्येक लोंढा तसाच खाली सोडावा लागतो. चंद्रभागेचे वाळवंट बुडून पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागले, की आम्ही घाटालगतचे दुकानदार बुक्क्याची पोती आणि तुळशीमाळांचे खोके माळ्यावर चढवू लागतो. ऑगस्टअखेरपर्यंत उपयुक्त साठ्याचा दहावा हिस्सा रिकामा ठेवावा, असे माझे मत आहे.

करमाळ्याचा शेतकरी: आपली अडचण खरी आहे, पण हा जुगार आमच्या जिवावर कशासाठी? २०२३ मध्ये धरण पूर्ण भरलेच नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातलेही पाणी गेले, साठा वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. आम्ही पाण्यामागे मोटारी सरकवत, पाइपाला पाइप जोडत आणि गाळात चारी खोदत होतो. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांनीच पाण्याच्या मागे धावायचे! पाच टीएमसी सोडून दिल्यावर परतीचा पाऊस आलाच नाही, तर भरपाई कोण देणार?

धागाकर्ता: त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये धरण भरून नदीत विसर्ग करावा लागला, हेही आपण पाहिले आहे. मी साठलेले पाणी सोडा असे म्हणत नाही. वरच्या धरणांतून विसर्ग सुरू असेल, तेव्हाच शेवटचा टप्पा भरण्याची घाई करू नये, एवढेच म्हणतो. बाकी उसाला मोकाट पाणी देऊन टंचाईचा दोष पुरावर टाकणे मला पटत नाही.

माळशिरसचा वाचक: विजेचा मुद्दा येथे गौण आहे, कारण उजनीचा संच अवघा १२ मेगावॅटचा आहे. मात्र नीरा नदी भीमेला नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली मिळते. नीरेवरील वीर धरणाचा विसर्ग त्याच वेळी मोठा असेल, तर उजनीत ठेवलेली पाच टीएमसीची जागा पंढरपूरला अर्धवटच वाचवील. त्यामुळे दोन्ही धरणांचे दरवाजे एकाच वेळापत्रकाने उघडणे अधिक उपयोगाचे ठरेल.

करमाळ्याचा शेतकरी: त्याला माझी हरकत नाही. उसाचे म्हणाल, तर कारखाने सुरू आहेत तोवर दुसरे पीक लावा म्हणणे सोपे आहे.