परिसर अभ्यासाचा तास वर्गात बसून का घ्यायचा?

वेण्णाकाठ:
सातारा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पालकसभेत मी सुचवलं की आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास वर्गाबाहेर घ्यावेत. मैदानात, ओढ्यावर, शेजारच्या शेतात. एका पालकांनी उभं राहून विचारलं, "पोरं हिंडवायला शाळेत घातली का?" म्हणून हा धागा.

मी सहलीबद्दल बोलत नाही. वर्षातून एकदा बस करून कासला जायचं आणि फुलांपुढे फोटो काढून परत यायचं, याला मी शिकणं म्हणत नाही. पुस्तकातलाच धडा, पण जिथली गोष्ट तिथं जाऊन. ओढ्याकाठची काळी माती आणि टेकडीच्या उतारावरची मुरमाड माती दोन बाटल्यांत पाणी घालून ढवळायची. कुठली लगेच खाली बसते, कुठलं पाणी शाळा सुटेपर्यंत गढूळ राहतं, हे मुलांनी बघून वहीत लिहायचं. मीटरची दोरी देऊन मैदानाची परिमिती मोजायला सांगितली की प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं. मग दोरी सैल होती की कोपरा चुकला यावर वाद होतो. मला तो वादच हवा असतो, कारण तेव्हा मुलं स्वतःहून पुन्हा मोजायला जातात.

आणि पाऊस! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माणमध्ये पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही तालुके एकाच जिल्ह्यात. सरळ भिंतीच्या बरणीला मोजपट्टी बांधून उघड्यावर ठेवायची. महाबळेश्वरशेजारच्या जावळी तालुक्यातली एक शाळा आणि माणमधली एक शाळा यांनी रोजचा आकडा फोनवर एकमेकींना कळवला, तर डोंगर ढग अडवतो म्हणजे काय हे पाठ करून घ्यावं लागणार नाही.

माणदेशी गुरुजी:
मॅडम, कळकळ पोचली. पण माझा विरोध आहे. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायद्यानं पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोनच. त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामाला गेला, आणि ती कामं कायद्यातच बसतात, की चारही वर्ग एकट्यावर. चौथीला ओढ्यावर न्यायचं तर पहिलीजवळ कोण थांबणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. शहरातल्या मुलाला शेताचं नवल असेल. माझी पोरं शेरडं सोडून शाळेत येतात. माती, पाऊस, ओढा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्यांच्या घरात नाही ते पुस्तक. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. ज्याला अजून जोडाक्षर अडतं, त्याचे वाचनाचे तास मी बाहेर घालवू देणार नाही.

वेण्णाकाठ:
गुरुजी, शेरडं राखणाऱ्या मुलाला कुठला पाला शेळी तोंडात धरत नाही हे माहीत असतं. वर्गात ते त्याला कुणी विचारतच नाही. तेच त्याला सांगू द्या, फळ्यावर लिहा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. स्वतःचं वाक्य वाचताना मूल जोडाक्षराशी झगडतं, ते सोडून देत नाही. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, ती मुलं जिथं गुरं चारत तिथंच जाऊन. चार वर्ग एकत्र असतील तर उलट बाहेर सोपं पडतं. पहिलीनं चिंचोके मोजावेत, चौथीनं त्यांचे दहा-दहाचे गट पाडून बेरीज-गुणाकार करावा.

तासगावची आई:
मला फक्त एवढं सांगा, गवतात घोणस निघाली तर? झाडावर आग्या मोहोळ असलं आणि कुणी दगड मारला तर? वर पाऊस झाला की ओढा बघता बघता चढतो. २०१९ आणि २०२१ चा पूर आम्ही पाहिलाय. तीस मुलं आणि एक बाई. संमतीपत्रावर सही घेतली म्हणून माझं मूल सुरक्षित होत नाही.

मिरजकर:
चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणून एक माहिती देतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास दिला. तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचं न दिसण्याचा दोष ३०.४ टक्के मुलांना लागला होता, जादा तास नसलेल्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सावलीतसुद्धा बाहेरचा उजेड वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. मी धाग्याच्या बाजूनं.

माणदेशी गुरुजी:
मग मधली सुट्टी वाढवा, पोरांना खेळू द्या. डोळ्यांसाठी धडा बाहेर न्यायची काय गरज?

सैनिक शाळेच्या तयारीतला बाप:
कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे शिकवण्याचे किमान ८०० तास. आठवड्याचे चार म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. नवोदय आणि सैनिक शाळेची परीक्षा कागदावर होते. आमच्यासारख्यांकडे तेवढी एकच वाट आहे, ती अरुंद करू नका.

वेण्णाकाठ:
दादा, परिमितीचं गणित त्या परीक्षेतही असतं. ज्यानं दोरी धरली त्याला ते सूत्र आठवत बसावं लागत नाही.

ताई, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य. पावसाळ्यात ओढा बंद, गवत वाढलेलं असेल तर मैदानाची कापलेली बाजूच, मोहोळ असलेल्या झाडाकडे फिरकायचं नाही. सोबत एक पालक असल्याशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. दुसरं माणूस मिळालं नाही त्या दिवशी तास अंगणातच.

तासगावची आई:
रोज सोबत यायला कुणाला जमणार आहे? ऊसतोडीच्या, द्राक्षछाटणीच्या दिवसांत कामावरच्या बायकांना रोज बुडवता येत नाही. म्हणजे तास अंगणातच होणार. तेवढंच असेल तर माझी हरकत नाही.

माणदेशी गुरुजी:
बरणी मी अंगणात ठेवीन, तिच्यासाठी दुसरा शिक्षक लागत नाही. जावळीतली शाळा कुठली ते कळवा. पण आठवड्याचे हे चार तास वेळापत्रकात घालून साऱ्या शाळांना सक्तीचे करायचे असतील, तर आधी दोनशिक्षकी शाळांना तिसरं माणूस द्या. तोवर माझं मत विरोधातच धरा.