मदत हवी आहे : १४ इंची गेमिंग लॅपटॉपवर ४:२:२ चित्रीकरणाचे संकलन

नमस्कार मंडळी. मी गावोगावच्या कीर्तनांचे दोन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करतो आणि प्रवासात सोबत नेता यावा म्हणून १४ इंची गेमिंग लॅपटॉप घेतला आहे. त्यात रायझन प्रोसेसर, ८ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. संकलन डाव्हिन्ची रिझॉल्व्ह स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये करतो.

रंगसंस्कार आणि अंतिम निर्यात या दोन्ही बाबतींत ग्राफिक्स कार्ड उत्तम साथ देते, पण टाइमलाइन चालवली की पखवाजावरची थाप ऐकू येते आणि पडद्यावरचा हात मात्र अजून हवेतच थबकलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये त्या वेळी प्रोसेसर ९५ टक्क्यांवर असतो आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख शून्यावर. माझे कॅमेरे एच.२६५ या आकुंचित व्हिडिओ स्वरूपात, १०-बिट, ४:२:२ मध्ये (म्हणजे ४:२:० पेक्षा रंगांची अधिक माहिती ठेवून) नोंद करतात. हे स्वरूप ४०६० चा डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा कार्डातला भाग) उलगडत नाही, ते काम इंटेलच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकला जमते, हे मला खरेदीनंतर समजले.

आता ४:२:० मध्ये चित्रीकरण केले, तर डिकोडर कामाला लागेल. परंतु मंडपातल्या पिवळ्या दिव्यांखाली चेहऱ्यांचे रंग सावरताना त्याचा तोटा जाणवेल का? की ४:२:२ कायम ठेवून डीएनएक्सएचआर एलबी स्वरूपातल्या प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) कराव्यात? दोन कॅमेऱ्यांच्या दोन-दोन तासांच्या प्रॉक्सी रात्रभर करताना एवढ्या लहान लॅपटॉपच्या तापमानाची काळजी कशी घ्यावी, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे. पुढचा सप्ताह आठ दिवसांवर आला आहे.