आईच्या गुडघ्यांना फिजिओथेरपी सांगितलीय. नुसतं मशीन लावून भागतं का?

नंदगडकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे. वय ६४, दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय धरल्यासारखे असतात, मग मोकळे होतात. खरा त्रास जिना उतरताना आणि खाली बसून उठताना. चुलीपुढून उठायचं तर एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, आणि तोंडानं विठ्ठल विठ्ठल.

बेळगावात हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे बघून म्हणाले, गॅप कमी झालाय, ग्रेड तीन. थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि फिजिओथेरपी लिहून दिली. रोज बेळगाव कुठलं जमायला, म्हणून जवळच एका ठिकाणी सुरू केलं. तिथं आडवं झोपवतात, गुडघ्याला मशीन लावतात, वेळ झाली की काढतात, पैसे द्या, उद्या या. संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, रात्री जैसे थे. व्यायाम कुणी दाखवलाच नाही.

शेजारच्या वैनी म्हणतात इंजेक्शन मारून घ्या, विषय संपला. आत्ती म्हणते, वापरलं की झिजतं, चालणंच बंद कर. आई सध्या आत्तीचं ऐकूलालीय, दिवसभर खाटेवर. खरं मिरगाचा पाऊस झाला की हीच बाई रोप लावणीला शेतात उतरणार, तिथं कुणाचं ऐकायची नाही.

मशीन चालू ठेवावं का? घरी काय करून घ्यायचं? आणि शेताचं काय करू?

अनगोळची काकू

निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेका, मला तरी आराम पडतो. डिंकाचे लाडू पण द्या, थंडीत.

वडगावचा मागवाला

ताई, काकूंचा शेक करा, बिनधास्त करा. आखडलेल्या गुडघ्याला ऊब बरी वाटते. खरं सूज असली, हाताला गरम लागत असलं तर शेक नको, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. आणि शेकानं गुडघा बरा होत नाही, तेवढ्यापुरता मोकळा होतो. तुमच्या मशीनचंही तसंच, फक्त बिल मोठं.

मी जन्मभर पॉवरलूमवर उभा. उजवा गुडघा गेला तेव्हा मलाही 'वंगण संपलं' असंच सांगणारे पुष्कळ भेटले. वंगण घालणं आमचा रोजचा धंदा, म्हणून ते पटकन पटतंही. खरं गुडघा म्हणजे माग न्हवं. माग बंद ठेवला तर झिजायचा थांबतो. गुडघा बंद ठेवला की मांडी आटते, आणि मांडी आटली की सगळा भार सांध्यावर. आत्तींना हे एवढं सांगून बगा.

मी बेळगावच्या केएलई हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात गेलो होतो. तिथल्या पोरीनं मशीनला हातच लावला नाही. आधी म्हणाली, खुर्चीतून उठून दाखवा. मग चालायला लावलं. मग टेप काढली, आमच्या मास्तर टेलरकडं असते तसली, आणि गुडघ्याच्या वर ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी डावीपेक्षा दीड सेंटीमीटर बारीक! मला कधी दिसलंच नव्हतं. धोतर नेसणाऱ्याला कसं दिसणार म्हणा. 'काका, दुखतंय गुडघा, खरं काम मांडीवर करायचंय,' म्हणाली, अर्धं कन्नडात अर्धं मराठीत.

तिनं दिलेलं सांगतो, आईंचं त्यांना तपासून बेतून घ्या. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. मांडीचा स्नायू कडक झालेला हाताला लागला पाहिजे, नाहीतर नुसताच पाय हलतो. दुसरं, उताणं झोपून एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ, पंजा आपल्याकडं ओढून फूटभर उचलायचा, पाच मोजून हळू खाली. धपकन टाकायचा नाही, खाली आणतानाच खरा व्यायाम होतो. तिसरं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर, हे कमरेच्या बाजूच्या स्नायूसाठी. हे तिन्ही दहा-दहा वेळा, दम न कोंडता. बीपी असेल तर दम कोंडायचा नाही हे विशेष, म्हणून आकडे मोठ्यानं मोजायचे. आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातात.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे खुर्चीतून उठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवून, सुरुवातीला बसायच्या जागी उशी घालून उंच करायची. हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. पाच वेळा जमलं तरी पुष्कळ. जमायला लागलं की उशी काढायची.

दुखणारच. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं किंवा सूज आली, तर आकडा कमी करायचा, बंद करायचं नाही. लोक इथंच सोडतात. फरक आठवड्यात दिसत नाही, दीड-दोन महिने धरून चला.

शेताचं माझी बायको सांगतेय, ती जांबोटीकडची, भातशेतीतली. लावणी कमरेतून वाकून होते, गुडघ्याला त्यापेक्षा वाईट म्हणजे रोपं उपटायला उकिडवं बसणं. ते आईंना देऊ नका. बांधावर उंच स्टुलावर बसून रोपांच्या मुठी बांधायचं काम द्या. शेतात तर शेतात, मालकीण हजर.

जिन्याचा नियम: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. आमच्या गल्लीत निम्मे लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरून लंगडतात.

फिजिओ निपाणी

काकांनी माझं बरंच काम केलंय. मी या व्यवसायात आहे, थोडी भर घालते.

ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२२ साली संधिवाताच्या उपचारांचे जे नियम काढले, त्यात व्यायाम सगळ्यांना द्यावा असं आहे, आणि अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं), टेन्स, आयएफटी (सौम्य विजेची) ही मशीनं पुरेसा पुरावा नसल्यामुळे देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय. हे झिजेच्या संधिवाताबद्दल. आमच्यातल्या पुष्कळांना हे आवडत नाही, कारण मशीन लावून एका वेळी चार पेशंट होतात आणि व्यायाम शिकवायला एकाजवळच उभं राहावं लागतं. पेशंटलाही मशीन लावलं की उपचार झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे तुम्ही तिथंच जात असाल तर सरळ सांगा, 'मशीन राहू दे, व्यायाम शिकवा आणि पंधरा दिवसांनी बघा.' नाही म्हणाले तर जागा बदला.

वैनींच्या इंजेक्शनबद्दल: २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये गुडघ्याच्या १५६ रुग्णांचा अभ्यास आला होता. निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षभरानं फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं आणि अडचण कमी होती. इंजेक्शनची वेळ येते कधी कधी, पण 'विषय संपला' असं होत नाही.

ग्रेड तीन ऐकून घाबरू नका. चारपर्यंतची ती मोजणी एक्स-रेच्या चित्राची आहे, दुखण्याची नाही. ग्रेड चार घेऊन बाजारहाट करणाऱ्या बायका माझ्याकडे आहेत, आणि ग्रेड दोन असून घरात बसलेल्याही. वजन जास्त असेल तर मात्र बघा, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो.

सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांत जातोय, म्हणजे झिजेचाच प्रकार दिसतोय. तो तासाभराहून जास्त राहत असेल, बोटांचे सांधे दोन्ही हातांना सुजत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो, रक्त तपासायला लागतं. गुडघा एकदम लाल-गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी एकाच पायाची सुजली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि चुलीपुढचं बसणं बंदच करा. भाकरी ओट्यावर थापता येते. संडासात कमोडची खुर्ची मिळते, ती आणा.

नंदगडकरीण

खूप उपकार. काल टॉवेलचं करून घेतलं. आई म्हणाली, 'एवढंच? ह्याला पैसे घेत्यात?' खुर्चीचं मात्र तिसऱ्यालाच दमली, मग गप्प बसली. कमोडच्या खुर्चीला तयार आहे, ओट्यावरच्या भाकरीला नाही. तिथं तवा हलतो म्हणे.

एकदा बेळगावला तपासून घ्यायचं ठरवलंय. जाताना काय न्यायला लागेल?

वडगावचा मागवाला

एक्स-रेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, बीपी-शुगरच्या पण. साडीत व्यायाम दाखवता येत नाही, पिशवीत गाऊन किंवा सैल सलवार टाका. बसला कर्नाटकच्या पत्त्याचं ओळखपत्र विसरू नका, २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या गाडीत तिकीट नाही. तुमच्या त्या आत्ती कोल्हापूरच्या असतील तर त्यांना मात्र पडेल.

पोचल्या पोचल्या चिठ्ठी काढा, अकरानंतर बसायला बाक मिळत नाही. आणि तवा हलत असेल तर त्याच्याखाली लोखंडी रिंग मिळते, खडेबाजारात बगा.