कॅगच्या कक्षेत सगळ्याच अनुदानित संस्था येत नाहीत

सरकारी अनुदान घेतलं की संस्था आपोआप कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) तपासणीखाली येते, असं अनेकांना वाटतं. पटत नाही. १९७१ च्या कॅग कायद्यातलं कलम १४ बघा: अनुदान किंवा कर्ज वर्षाला किमान २५ लाख आणि शिवाय संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तरच हे कलम थेट लागू होतं. अर्धा खर्च सरकारी पैशातून आणि अर्धा फीमधून भागवणारी संस्था त्यात बसत नाही. अनुदान किंवा कर्ज वर्षाला किमान एक कोटी असेल तर तपासणी होऊ शकते, पण त्याला राष्ट्रपती किंवा राज्यपालांची पूर्वमंजुरी लागते. (काही संस्थांच्या स्वतःच्या कायद्यात कॅगची तरतूद असते, त्यांची गोष्ट वेगळी.)

म्हणूनच मला माहितीचा अधिकार जास्त महत्त्वाचा वाटतो. संस्थेला तो कायदा लागू होतो का, याची कसोटी सरकारकडून मिळणारं ‘भरीव अर्थसाहाय्य’ ही आहे आणि कायद्यात टक्केवारी दिलेलीच नाही. ‘आमचं अनुदान निम्म्याहून कमी, आम्हाला कायदा लागू नाही’ असं उत्तर अनेक संस्था बिनदिक्कत देतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात स्पष्ट सांगितलंय की भरीव म्हणजे निम्म्याहून जास्त असायलाच हवं असं नाही. शहरातली जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळाली असेल, तर तेही भरीव साहाय्य ठरू शकतं. संस्थेने माहिती नाकारली तर अपिलात हा निकाल जरूर जोडा, आणि संस्थेला जमीन कोणत्या अटींवर मिळाली ते महसूल खात्याकडे वेगळा अर्ज करून आधीच काढून ठेवा.