मदत हवी आहे: उन्हाळ्यातल्या ठेच्यासाठी हिरवी मिरची फ्रीजरमध्ये कशी ठेवावी?

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. शेतात घरापुरत्या दोन ओळी मिरची असते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत इतकी निघते की भरताला, फोडणीला वापरून, शेजारी वाटूनही उरते. पण एप्रिल लागला की झाडं वाळतात, आणि बाजारातली मिरची उन्हानं मऊ पडलेली असते.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. कळण्याची भाकरी कुस्करून, वर तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढंच त्यांचं रात्रीचं जेवण. "ठेचाशिवाय घास उतरस नही," म्हणतात. लाल मिरची वर्षाची वाळवतोच, पण त्यांना हिरवीच लागते.

गेल्या जानेवारीत दोन किलो मिरचीचे देठ काढले, धुतली, जराशी निथळवली आणि कॅरीबॅगेत भरून फ्रीजरमध्ये टाकली. मार्चमध्ये पिशवी उघडली तर आत एकच ढेप. बत्त्यानं फोडावी लागली. वाटीभर मिरच्या ओट्यावर काढून ठेवल्या, त्या लिबलिबीत झाल्या. तव्यावर टाकल्यावर तेल हातावर उडालं, मिरच्या भाजण्याऐवजी शिजल्या आणि ठेच्याला पाणी सुटलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि काही न बोलता ताट सरकवलं. मला फार वाईट वाटलं.

यंदा ती चूक करायची नाही. मटारसारखी उकळत्या पाण्यातून काढावी लागते का? देठ ठेवावेत की काढावेत? आणि आमच्याकडे उन्हाळ्यात तीन-चार तास लाईट जाते, तेव्हा काय करायचं?

प्रतिसाद (धुळे)
ताई, उकळत्या पाण्याची गरज नाही. मिरची कच्चीच ठेवता येते.

ढेप झाली ती पाण्यामुळे. देठ आधी काढून मग धुतलीत, म्हणून त्या भोकातून पाणी मिरचीच्या पोटात गेलं. आधी देठासकट धुवा, सुती पंचावर पंख्याखाली दोन-तीन तास पूर्ण कोरडी होऊ द्या, मग देठ काढा. ताटात एकेक सुटी पसरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. दगडासारखी कडक झाली की जाड पिशवीत भरा आणि हवा दाबून काढा. मग हव्या तेवढ्याच चार मिरच्या निघतात. मी सात-आठ महिने वापरते, तिखटपणा जराही उतरत नाही. गोठल्यानं फक्त कुरकुरीतपणा जातो.

बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका. फोडणीसाठी कडक असतानाच विळीवर चिरा. आणि दोन किलोचे देठ काढताना हात भगभगले तर नुसत्या पाण्यानं जात नाही. आधी तेल चोळा, मग साबण.

प्रतिसाद (शहादा)
वरचं सगळं बरोबर, पण ते फोडणीसाठी. ठेच्याची मिरची मी आधी भाजते आणि मग गोठवते. गोठताना मिरचीतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो आतली जाळी फोडतो आणि नंतर सगळं पाणी तव्यावर सुटतं. आधीच भाजली तर बरंचसं पाणी त्याच वेळी उडून जातं. मिरचीला छोटी चीर द्या म्हणजे फुटून उडणार नाही. तव्यावर थोड्या तेलात, मोठ्या आचेवर, पांढरे-काळे डाग पडेपर्यंत परता. पूर्ण गार होऊ द्या, मग वरच्यासारखीच ताटात सुटी गोठवा. लसूण, शेंगदाणे आणि मीठ मात्र ठेचताना ताजंच घाला.

लाईटसाठी माझी युक्ती अशी: वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवते. गावाहून आल्यावर नाणं वरच दिसलं तर निश्चिंत. बर्फात खाली गेलेलं असेल तर मधे सगळं वितळलं होतं असं समजते आणि माल टाकून देते. तीन-चार तासांना घाबरू नका, फक्त फ्रीजर उघडू नका. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ गार राहतो, म्हणून जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या ठेवा.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. अर्धा किलोवर करून पाहिलं, निम्मी कच्ची, निम्मी भाजून. दहा दिवसांनी भाजलेल्या मिरच्या थेट तव्यावर टाकल्या, दोन मिनिटांत परतून झाल्या, ताज्या लसणाबरोबर खलबत्त्यात ठेचल्या. पाणी सुटलं नाही. सासूबाईंनी अर्धी भाकरी जास्त घेतली आणि विचारलं, "आज मिरची कोठेन आणी?" मी फ्रीजर दाखवला, तर विश्वास बसेना.

उद्या उरलेली पाच किलो तोडणार आहे. एकच विचारायचं राहिलं: पिशवीऐवजी स्टीलच्या डब्यात ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद (शहादा)
चालेल, झाकण घट्ट हवं. पण छोटे डबे घ्या आणि काठोकाठ भरा. आत हवा राहिली की मिरचीवर बर्फाची भुकटी धरते आणि ती सुकट लागते.